ट्वीटरमधली शीळ

कारागीर : मावशी, रागावू नका, पण ह्या स्पीकरांच्या आत हात कुणी घातला होता?

ताई : ह्यांनी. का रे?

कारागीर : वरच्या बारीक आवाजाला लगाम म्हणून कंपनीनं जे जे बसवलेलं असतं, ते एकेक करून उपटलंय. ट्वीटरच्या, म्हणजे ह्या वरच्या बारक्या स्पीकरच्या, पाठीमागचा लोकरीचा नमदा काढलाय, रेझिस्टर काढलाय, कपॅसिटर बदललाय. आणि तोही एकदा नाही. तारा जोडायला डागावर डाग दिलेत, कथलाचा थर चढलाय नुसता.

धाकटी : उपटलंय! अगदी बरोबर शब्द काढलास. भाऊजी सुट्टी आली की खोकं उघडून बसायचे. मग त्यातून आवाज असा निघायचा, की पाटीवर नख ओढावं. मी जिन्यातूनच परत फिरायचे.

ताई : फिरायचीस कुठली! चहा घेऊन फिरायचीस.

धाकटी : दाढा दुखायच्या म्हणून काय चहासुद्धा सोडू?

कारागीर : वय झालं की कान वरून उतरत जातो, मावशी. बारीक आवाज आधी जातो. त्यांचा कान उतरत गेला तसतसे ते ट्वीटर चढवत गेले. दुसरं काही नाही.

ताई : एवढं कळतं मला. हे ट्वीटर चालू आहेत का, ते सांग.

कारागीर : मीटर लावून बघतो... नाही. हा मेलाय. कॉइल जळलीय. आणि हा... हाही.

ताई : दोन्ही?

कारागीर : दोन्ही. लगाम काढून टाकला की सगळा जोर ह्या बारक्या कॉइलवर येतो. केसासारखी तार असते ती, किती सोसणार?

ताई : कधी जळले असतील?

कारागीर : तारीख नाही सांगता येणार. पण एकदम नाही गेले. उजव्याच्या तारेवर हिरवा थर चढलाय, डाव्याची तार अजून लाल आहे. आधी उजवा गेला. डावा त्यानंतर बऱ्याच दिवसांनी.

ताई : आधी उजवा.

धाकटी : ताई, काय झालं? बस बघू इथे.

ताई : 'उजवा कान गेला माझा' म्हणाले होते. आठवतं तुला? खुर्ची फिरवून घेतली. मग डावा कान पुढे करून बसायचे.

धाकटी : आठवतं म्हणजे? कानाच्या डॉक्टरकडे मीच नेलं होतं. तो म्हणाला, दोन्ही कान सारखेच आहेत, वयाच्या मानानं ठीक. तर भाऊजी त्याच्यावरच उखडले. म्हणे, आधी ह्या डॉक्टरला कानयंत्र लावा.

कारागीर : पण मग स्पीकर उघडून कसा नाही बघितला त्यांनी? इतके उद्योग केलेला माणूस?

ताई : डाग स्वतः दिलेला होता ना. स्वतःच्या हातची तार जळेल, हे त्यांच्या मनात येणं शक्यच नव्हतं. कानाला दोष दिला, कामाला नाही दिला.

धाकटी : अगं, म्हणजे ते... मी एकदा आले होते, तर कर्कशपणा एकदम नाहीसा. मला काय वाटलं, केलं नीट. मी म्हटलंसुद्धा, 'झाले बाई भाऊजींचे स्पीकर शहाणे!' त्यांनी लगेच टेप बंद केली.

ताई : त्याच संध्याकाळी मला म्हणाले, 'ती आता येत नाही.' त्यानंतर टेप लावली नाही त्यांनी. बंद स्पीकरांपुढे बसून राहायचे, जाईपर्यंत.

कारागीर : ती म्हणजे कोण?

ताई : ते मग. तू आणलेस ना दुसरे ट्वीटर? लाव. टेप मी सुरू करते. काय ऐकू येतं ते तू सांगायचंस. मी आधी काही बोलणार नाही. आधी सांगितलं की लोक माझ्या तोंडाकडे बघून 'हो, हो' म्हणतात.

धाकटी : लोक म्हणजे मी.

ताई : तुला खोटं बोलता कुठे येतं? लगेच पदर चाचपतेस.

धाकटी : बरं. पण मीही एक सांगून ठेवते. महिनाअखेर ही खोली सोडायचीय. माझ्याकडे तुला जागा आहे, तुझ्या पेटीला आहे. ह्या कपाटाएवढ्या दोन खोक्यांना नाही.

ताई : टेपवर ती उरली नसेल, तर खोकी ने आणि जाळ. टेपही घाल वरून. पण असेल, तर खोकी माझ्याबरोबर येतील. तू जिन्यात झोप.

कारागीर : मावशी, हा पहिला. कर्ण्याचा. आत पातळ पत्रा आणि पुढे कर्णा. आवाज लांबवर फेकतो. लावा टेप.

धाकटी : अगं आई गं! बंद कर, बंद कर! भाऊजीच परत आले.

ताई : मला नुसती खरखर. पत्र्यावर वाळू टाकल्यासारखी.

कारागीर : टेप झिजलीय, फार वेळा वाजलीय. कर्णा सगळी झीज पुढे ढकलतो. आता हा घ्या, रेशमी घुमटाचा. शर्टाच्या बटणाहून थोडा मोठा, पण पदरचं काही घालत नाही आणि काही लपवतही नाही. माझं मत विचाराल तर ह्याच्यापुढे सगळे झूट.

ताई : मत मग. काय ऐकू येतं ते बोल.

कारागीर : लहान मुलगी आहे. आकडे मोजतेय. भिंतीकडे तोंड करून मोजत असावी, आवाज अडल्यासारखा येतो. तीन, चार, पाच... थांबा. परत लावा. सहा आणि सातला काहीतरी होतं. 'स' म्हणताना बारीक शीळ वाजते. दातांच्या फटीतून वाजते ना, तशी.

धाकटी : ताई...

ताई : पुढचे दोन पडले होते. नवे यायचे होते.

कारागीर : तुमची मुलगी?

धाकटी : तापानं गेली. नवे दात फुटायच्या आतच. फोटोतही तोंड मिटून आहे बघ, फट दिसू नये म्हणून. फार लाजायची.

ताई : बाकीचा आवाज कुठल्याही पोरीचा आहे, बाबा. खालच्या मोठ्या स्पीकरातून ऐकलं, तर शेजारची पोरही अशीच मोजते. शीळ तेवढी तिची. आणि ती वरच्या एवढ्याशा ट्वीटरमधून यायची.

धाकटी : मग आहे ना! मीपण ऐकली आत्ता. पदर नाही चाचपत, बघ. आहे ती टेपवर.

ताई : तुम्हाला आली. मला नाही आली ऐकू.

कारागीर : आवाज वाढवू?

ताई : तेच केलं ह्यांनी जन्मभर. वाढव, आणखी वाढव. त्यानंच ती शीळ गेली ना?

धाकटी : माझ्या कानांनी ऐक. मी सांगत जाईन तुला, कधी आली ते.

ताई : पोटच्या पोरीचा आवाज कुणी सांगून ऐकतं का? बाबा, त्या साबणाच्या डब्यात बघ. पहिले ट्वीटर आहेत, स्पीकरांबरोबर आलेले. सगळ्यात आधी तेच काढले होते ह्यांनी. टाकवेनात, म्हणून ठेवले.

कारागीर : कागदी कोन? मावशी, ह्यांत काही दम नसतो. जरा बारीक सूर आला की कागद स्वतःच थरथरतो, नाही ते मिसळतो. आम्ही पहिल्यांदा हेच फेकतो.

ताई : फेक नंतर. आधी लाव.

कारागीर : एकाची कड फाटलीय. दुसरा धड आहे. एकच चालेल?

ताई : तीही एकच होती.

(टेप पुन्हा फिरू लागते.)

कारागीर : बघा. घोगरा. मी म्हटलं नव्हतं—

ताई : गप्प.

धाकटी : ताई, अगं, कान अगदी टेकवलास त्याला.

ताई : सहा... अगं... सात. तीच आहे गं. जरा जाडी झालीय, पण तीच.

कारागीर : कागद थरथरतो ना, तो त्यात खालचा सूर मिसळतो. तुमच्या कानांना पोचेल एवढा खालचा. पण मावशी, खरं सांगायचं तर ही निम्मी शीळ कागदाची आहे.

ताई : असू दे. निम्मी तिची आहे ना?

धाकटी : म्हणजे भाऊजींनी हे काढलेच नसते, तर—

ताई : ते वाक्य पुरं करू नकोस.

धाकटी : नाही करत. टेम्पोवाल्याला सांगते, ही दोन खोकी आधी चढव म्हणून. मी झोपेन जिन्यात.

कारागीर : दहा झाले. 'आले हं मी' म्हणतेय. पावलं वाजतायत... आणि संपली टेप. पुढे?

ताई : पुढचं नाही त्यात. लपाछपी होती. हे पडद्यामागे, मी दाराआड. यंत्र तसंच चालू राहिलं होतं टेबलावर. आम्हाला नंतर कळलं.

कारागीर : शोधलं असेलच की तिनं.

ताई : लगेच. आधी मला, मग ह्यांना. पण ते त्या दिवशी. टेपवर कुठे शोधलं? टेपवर ती अजून येतेच आहे.

कारागीर : परत लावू, मावशी?

ताई : लाव. पण मी सांगेपर्यंत थांब जरा... हं. आता लाव.

धाकटी : ताई? अगं, तिकडे काय करतेयस दाराआड?

ताई : हळू बोल. सात झाले.