मामंजी कोणत्या पातीचे?

...आणि वर पुन्हा मलाच म्हणतात, 'तू नवी आहेस, तुला काय कळतंय?' नाही हो कळत! तुम्हाला सांगते, मला एवढंच कळतं, की ज्या माणसाचं आत्ता जेवण झालं, तो आंचवून येऊन पुन्हा पाटावर बसतो आणि विचारतो, 'पानं घ्यायला आज उशीर का?' तर काहीतरी बिनसलंय! पण बोलते कुणाशी? सासूबाई म्हणणार, 'भूक चांगली आहे त्यांची, दृष्ट लावू नकोस!'

रोज सकाळी मामंजी मला विचारतात, 'मुली, तू कुणाची गं?' सगळे हसतात. 'लग्नात नाव बदललं ना, म्हणून गोंधळतात!' अहो, नाव बदललं, तोंड का बदललंय? नाव तरी काय, विद्युल्लता! धारला माहेरी मी साधी दुर्गा. इथे हाक आली की मीच इकडेतिकडे बघते, कोण बाई ही? पण ते असो. तू नवी आहेस, तुला काय कळतंय!

तर हा दसरा. देवास म्हणजे गाव एक, राजे दोन... थोरली पाती, धाकटी पाती, दरबारही दोन. मामंजींचा जन्म गेला थोरल्या पातीच्या फडणिशीत, आमच्या ह्यांची नोकरीही तिथलीच. आणि दसऱ्याला मामंजी पगडी बांधून निघाले ते थेट धाकट्या दरबारात! मुजरा केला, मानकऱ्यांत ऐसपैस बसले, विडा घेतला, घरी आले!

गावभर बोंब! 'नीलकंठराव फुटले!' शेजारचे बळवंतराव डोळे मिचकावत आले, 'काय बेत आहे? आम्हाला तरी सांगा!' मामंजी नुसते हसले. अहो, समोर कोण बसलंय हेच बिचाऱ्यांना आठवेना! तर बळवंतराव बाहेर जाऊन सांगतात, 'केवढा मुत्सद्दी! पोटातलं पाणी हलू देत नाही!'

इकडे ह्यांच्या येरझाऱ्या. 'आता कचेरीत कोणत्या तोंडाने जाऊ?' शेवटी मी सासूबाईंच्या कानाशी लागले. 'मामंजींना आठवत नाही हो. विसरले म्हणून सांगून टाकू या. त्यांना एकटं सोडू नये आता.'

वाटलं, आता कडाडणार, तू नवी आहेस... पण त्या मटकन खालीच बसल्या. 'मला का कळत नाही? होळीपासून मला वहिनी म्हणताहेत गं.' मग पदराने डोळे पुसून म्हणतात, 'पण सगळा जन्म हुशारीवर काढलाय त्यांनी. वेडा म्हणवून घेण्यापेक्षा फितूर बरा. फितुराला लोक नमस्कार तरी करतात!'

हे येरझाऱ्या थांबवून दौत-टाक घेऊन बसले.

झालं! मामंजींची अब्रू राखायला सगळं घर फितूर! ह्यांनी राजीनामा दिला, हातापाया पडून धाकट्या पातीत कारकुनी मिळवली. मला विहिरीवर टोमणे, 'काय गं, तिकडचा विडा जास्त रंगतो वाटतं?' सोसलं, सगळं सोसलं! आणि काल? मी जरा पाठ फिरवते न फिरवते, तो मामंजी पगडी बांधून पसार... शोधतोय, शोधतोय, तर थोरल्या दरबारात! आपल्या जुन्या जागेवर, मांडी घालून!

संध्याकाळी बळवंतराव ओट्यावर हजर. 'आत्ता कळला डाव! मुलगा तिकडे पेरला, आपण इकडे! वा, नीलकंठराव, या वयात काय डोकं चालतं हो!'