नवरीची फियाट

(उदगीर. अंगणात शेडमधून बाहेर काढलेली १९६४ची फियाट, मागचं दार आत दबलेलं. विमा कंपनीची ऋतुजा वाकून बघते आहे. मल्लिनाथ आणि त्यांची बायको शरणम्मा बाजूला उभे.)

मल्लिनाथ : ...तर असं लिहा म्याडम, देवदर्शनाला चाललो होतो.

शरणम्मा : लिहू नको गं पोरी. शेजारच्या शिवमूर्तीच्या पोरीला सासरी पोचवायला चालले होते हे.

ऋतुजा : नवरी होती गाडीत?

शरणम्मा : होती की. गल्लीतल्या सगळ्या पोरी ह्याच गाडीत बसून गेल्या. तीस वर्षं झाली.

मल्लिनाथ : तू गप की जरा! भाड्यानं द्यायची न्हाई, असं लिहिलंय कागदात. आता ह्या म्हणतील, म्हातारा वरातीचा धंदा करतो. क्लेम गेला, गाडी गेली.

ऋतुजा : धडक कशी बसली?

मल्लिनाथ : चढावर बाजूनं पुढं जाताना उसाची ट्रॉली तिरपी मागं सरकली, ती मागच्या दारावर आली. नवरीला खरचटलं बी न्हाई. दार तेवढं गेलं.

ऋतुजा : भाडं किती घेतलं?

मल्लिनाथ : शिवमूर्तीकडून? भाडं मागितलं असतं तर बोलला असता का तो माझ्याशी?

ऋतुजा : काहीच नाही घेतलं?

शरणम्मा : टॉवेल, टोपी अन् नारळ. नारळाची मी चटणी केली.

ऋतुजा : चटणीला भाडं म्हणत नाहीत, काकू. पेट्रोल?

मल्लिनाथ : माझंच.

ऋतुजा : मग घाबरता कशाला? रोज बाजारात न्यायची नाही, भाड्याने द्यायची नाही, बंद जागेत ठेवायची, एवढ्याच अटी. गाडी वर्षात सहाशे बारा किलोमीटरच फिरली. अटीत बसतं सगळं. पण देवदर्शन लिहिलं असतं आणि ट्रॉलीवाल्याने नवरीचं सांगितलं असतं, तर मात्र क्लेम खरंच गेला असता.

शरणम्मा : ऐकलं का?

मल्लिनाथ : ऐकलं. पण साठ वर्षांच्या गाडीला मिळणार काय? जावयाची पाच वर्षांची गाडी, तिचीच किंमत निम्मी धरली.

ऋतुजा : ती रोजची गाडी. दरवर्षी जुनी होते, किंमत उतरते, तसा विमाही उतरतो. तोच हिशोब हिला लावला तर एका दाराचा खर्च अख्ख्या गाडीपेक्षा जास्त. कंपनी म्हणाली असती, भंगारात घाला. म्हणून तर गेल्या वर्षी जाणकार आणून हिची किंमत आधीच ठरवून घेतली. आता तीच धरायची.

मल्लिनाथ : अन् चाळीस फोटो काढले तुम्ही! स्टेपनीच्या खालून सुद्धा. म्या म्हणलं, कमिशनसाठी नखरे करतीय ही पोरगी.

ऋतुजा : त्या फोटोंवरूनच कळतं ना, दार धडकेआधी धड होतं. असं दार आता दुकानात मिळत नाही.

मल्लिनाथ : नांदेडला अमरनाथ मिस्त्री हाय. पत्रा हातानं ठोकून बनवतो. पण महिना लावंल.

ऋतुजा : लावू द्या. त्याची मजुरीही विम्यात धरली आहे.

मल्लिनाथ : म्हंजे... भंगारात न्हाई जात ही?

ऋतुजा : नाही जात, काका.

शरणम्मा : बोला की आता काहीतरी.

मल्लिनाथ : गेल्या साली तुम्हाला दोन तास उन्हात उभं केलं म्या. पाणी बी विचारलं न्हाई.

ऋतुजा : काकूंनी दिलं होतं. तुम्ही आत कागद शोधत होतात तेव्हा.

शरणम्मा : ते कशाला सांगतीस गं आता!

मल्लिनाथ : तू बस, शरणम्मा. बेटा, तू बी बस. पाणी मी आणतो.