डोरा मावशीची सही

पिओरिया शहरातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत सकाळचे ऊन नेहमीसारखेच आले. आधी खिडकीच्या चौकटीवर थबकले, मग विसळायच्या राहिलेल्या कपावर, मग टेबलावरच्या पावाच्या चुऱ्यावर. परक्या घरात कुणी बसायला सांगितले नसावे, अशा संकोचाने ते पुढे सरकत होते. एल्डन ते पाहत बसला होता. हळूहळू ते फ्रिजच्या दारावर जाईल आणि तिथे लावलेल्या वाढदिवसाच्या कार्डावर थांबेल, हे त्याला ठाऊक होते. ते अजून हातभर दूर असताना फोन वाजला.

"हॅलो?... हो मावशी, मीच... झोपलो नव्हतो गं... घेतली, कॉफी घेतली.

"कोण आलंय? शेजारचा डेल्बर्ट? इतक्या सकाळी?... कसली यादी?... हं. हरकतींची. आणि त्यात तुझं नाव... पुढे काय लिहिलंय?... 'सही मतदाराची नाही, दुसऱ्याने केलेली दिसते'... हं.

"हसत नाहीये मी... अगं ऐक ना. छोट्या पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदाला उभं राहायचं तर मतपत्रिकेवर नाव यायला मतदारांच्या पंचवीस हजार सह्या लागतात. समोरचा पक्ष एकेक तपासतो, खोट्या वाटतील त्यांवर हरकत घेतो... हो, समोरचे म्हणजे आम्हीच. मी कामाला आहे तेच ऑफिस.

"नाही, तू मेलीस असं कुणीही म्हटलेलं नाही!... डेल्बर्टने खोटी केली असंही... बरं, अर्थ तोच निघतो. हो... हो, त्याने शपथेवर लिहून दिलंय, प्रत्येक सही समोर घेतली म्हणून... लायब्ररीबाहेर उन्हात उभा राहून सह्या गोळा करत होता, माहितेय... रडतोय का तो?... केक खातोय. कसला? सफरचंदाचा. खाऊ दे.

"किती कमी पडतात? अकरा... म्हणजे अकरा मिळाल्या नाहीत तर तुझा उमेदवार गेला... हो, तुझी धरून.

"हात थरथरतो, हो, लकव्याचा झटका आल्यापासून... आणि सही वर वर चढत जाते... मला कसं माहीत म्हणजे? दरवर्षी कार्ड पाठवतेस की.

"हरकतीची खूण कुणी केली? तपासायला आम्ही बारा जण होतो गं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर डावीकडे मतदार नोंदणीतली जुनी सही, उजवीकडे नवी. दिवसाला सहाशे. वरून सांगितलेलं, जरा शंका आली तरी खूण करा... नाव? नाव कोण वाचतंय एवढ्यात...

"हॅलो?... आहे, आहे मी. बोल.

"सही तुझीच आहे असं प्रतिज्ञापत्र, हो. नोटरीसमोर, आज पाचच्या आत... मी नेऊ? मावशी, मी त्यांच्याकडे कामाला... हो, आज सुट्टी आहे, पण...

"काय म्हणालीस?... मी असतो तर ओळखली असती... हो... मी असतो तर... ओळखलीच असती.

"मावशी, ऐक ना, ती जी... मावशी?"

ती बूट शोधायला गेली होती, फोन ठेवूनच. एल्डनने किल्ल्या हातात घेतल्या आणि तो तसाच उभा राहिला. ऊन कार्डापर्यंत पोहोचले होते. शुभेच्छांखाली ते नाव थरथरत, तिरके वर चढत गेले होते.

पडद्यावरही ते असेच चढत गेले होते. नाव वाचायच्या आधीच त्याने ती सही ओळखली होती, आणि मग तिच्यापुढे खूण केली होती.