टँकला कुठे दुखतंय?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि ज्यांच्या या सभागृहाच्या टेबलांवर आमचं मंडळ वर्षानुवर्षं गोंदाचे डाग पाडत आलं आहे ते आदरणीय ग्रंथपाल महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आमच्या मॉडेल मंडळाचे सभासद, त्या सभासदांचे सोशिक कुटुंबीय, डॉक्टरबाईंसमोर कधी ना कधी ‘आ’ करून बसलेले तमाम सज्जन, आणि अर्थातच सत्कारमूर्ती डॉक्टरबाई, सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

अध्यक्षांनी मला थोडक्यात आटपायला बजावलं आहे. मी प्रयत्न करीन. पण मंडळी, डॉक्टरबाई दातांचा दवाखाना बंद करून थोरल्या बहिणीकडे, दुसऱ्या गावी राहायला निघाल्या आहेत, आणि त्यांच्याबद्दल थोडक्यात बोलायचं म्हणजे समुद्र बशीत ओतायचा. म्हणून मी एकच गोष्ट सांगतो. टँकची गोष्ट. आपल्यापैकी काहींनी ती ऐकली आहे, पण तुकड्या-तुकड्यांत. आज ती अख्खी सांगायची संधी मिळाली म्हणून मी सकाळपासून नुसता उड्या मारतोय, असं आमच्या घरून आपल्याला कळलं असेलच.

मी व्यवसायाने मुद्रितशोधक. चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग, आणि मंडळातही माझं तेच चालतं. कुणी प्लॅस्टिकचं विमान आणलं की त्याची शेपटी किती वाकडी आहे, जहाजाची चिमणी कुठे चुकली आहे, हे मी सांगणार. बांधायचं मात्र दुसऱ्याने. अशा एका रविवारच्या बैठकीत दार उघडलं आणि चौकातल्या बेकरीवाल्या ताई आत आल्या. हातात केकचं खोकं. आमच्या मंडळींचे चेहरे काय उजळले म्हणता! ताईंनी झाकण काढलं, तर आत टँक. तोही अर्धवट चिकटवलेला, फाकलेला, एका कुशीवर कललेला.

ताईंनी हकिकत सांगितली. त्यांचे वडील, आपण सगळे त्यांना काका म्हणतो, तरुणपणी सैन्यात टँकचालक होते. पुढे बेकरी काढली, गल्ल्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची थट्टा केली, संसार केला. मग काचबिंदूने दृष्टी गेली. दृष्टी गेली तसे ते गल्ल्यावरून उठले, आतल्या खोलीत जाऊन बसले आणि बोलायचेच थांबले. ‘हो’, ‘नाही’, ‘जेवलो’, बस्स. ताईंनी नाना उपाय केले. शेवटी कुठून तरी त्यांच्याच टँकचं, सुटे भाग चिकटवून बांधायचं किट मिळवलं. रात्रंदिवस पाव भाजणारी बाई, तिने आयुष्यात कधी मॉडेल बांधलेलं नाही, पण चिकटवलं बिचारीने जमेल तसं आणि वडिलांच्या हातात ठेवलं. काकांनी त्यावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, “हा माझा नाही.” आणि परत दिला.

एवढं सांगून ताईंनी खोकं आमच्यापुढे सरकवलं. आणि मी काय केलं? मी चष्मा पुसला आणि चुका वाचायला घेतल्या! हे किट बनवणारी कंपनी कधीच बुडाली, तिचे साचे झिजलेले, धड वाकडं, बुरुजाचे, म्हणजे वरच्या फिरत्या घुमटाचे, दोन भाग एकमेकांशी भांडल्यासारखे, चाकं मागून पोकळ, तोफेची नळी आखूड, झाकणं नुसती कोरलेली, उघडण्याची सोय नाही. मी रंगात आलो होतो हो! एवढ्यात कोपऱ्यात आपलं मॉडेल चिकटवत बसलेल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, “पुरे. रोगाचं वर्णन झालं. आता पेशंट कुठे आहे ते सांगा.”

मी टँककडे बोट दाखवलं. बाईंनी मान हलवली. “तो नव्हे. काका.”

आणि निघाल्याच! बाईंच्या मागे ताई, ताईंच्या मागे मी. बेकरीच्या मागची ती खोली भट्टीच्या उबेने कोमट असते. काका खिडकीपाशी बसले होते. बाईंनी ओळख करून दिली, टँक त्यांच्या मांडीवर ठेवला.

“जाऊ द्या हो,” काका म्हणाले. “खेळणं आहे ते.”

“असेल. पण चुकीचं खेळणं आहे, असं तुम्हीच म्हणालात ना? काय चुकलंय?”

“सगळंच.”

“हे बघा काका,” बाई म्हणाल्या, “सगळंच दुखतंय म्हणणारा पेशंट मी उभ्या जन्मात बरा करू शकले नाही. बोट ठेवून दाखवा. टँकला कुठे दुखतंय?”

मला वाटलं, आता काका आम्हाला हाकलणार. पण मंडळी, त्या माणसाच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. बोट उचललं आणि बुरुजावर टेकवलं. “हा असा गुळगुळीत का? ओतीव लोखंड होतं ते. तळवा ठेवला की खरखरायचं.” बोट खाली आलं. “चाकं पोकळ आहेत. माझ्या चाकांना पाठ होती.” बोट पुढे सरकलं, धडाच्या पुढच्या भागावर थांबलं. “माझं झाकण कुठाय? मी यातून आत-बाहेर करायचो. आणि ही तोफ आखूड आहे. ती या झाकणाच्या वर यायची.”

“वर यायची?” बाईंनी विचारलं. “मग तुम्ही बाहेर कसे यायचात?”

काकांनी हात मागे घेतला. “आज पुरे,” म्हणाले आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

आम्ही बाहेर आलो. मी हिरमुसलो होतो, पण बाईंचे डोळे कसे चमकत होते! म्हणाल्या, “डोळस माणसाला आपण रंगाने फसवतो. फट दिसली की तिच्यावर चिखल रंगवायचा, झालं. या माणसाच्या बोटांना फसवता येणार नाही. प्रत्येक गोष्ट खरोखरच नीट करावी लागणार. किती मजा येईल!” मजा! ऐकलंत? ज्या किटच्या नावाने आम्ही कपाळाला हात लावला होता, ते बघून या बाईला मजा वाटत होती.

त्यानंतर त्या दवाखान्यात जे चाललं ते दातांच्या इतिहासात कधी झालं नसेल. दाढेचा साचा घ्यायच्या मसाल्यात टँकचं चाक रुतवलेलं. दात बसवायच्या सिमेंटने चाकांची पाठ भरलेली. बुरुजावरच्या कड्या म्हणजे पोरांचे वेडेवाकडे दात सरळ करायची तार. एक गृहस्थ दाढ काढायला आले, तोंड उघडून पडले होते. त्यांची नजर ट्रेमध्ये पडली आणि तसेच उठून बसले. “डॉक्टर, हा बुरूज माझ्या तोंडात बसवणार आहात का?” ते गृहस्थ इथे बसलेत, हसतायत बघा! कोरलेली झाकणं कापून बाईंनी उघडती केली, बुरूज फिरता ठेवला. तोफेच्या नळीसाठी मी सतरा प्रकार सुचवले. बाईंनी स्वतःचं अर्धवट विणलेलं स्वेटर उसवलं आणि विणायची सुई कापली. तंतोतंत बसली.

आता आमचे रंगराव. दुकानांच्या पाट्या रंगवणारे कलावंत. त्यांना जेव्हा कळलं की टँक ज्याच्यासाठी आहे त्याला दिसत नाही, तेव्हा त्यांचा चेहरा पाहवेना. “म्हणजे माझं काही कामच नाही,” म्हणाले. बाईंनी त्यांच्या हातात कडक केसांचा ब्रश दिला. “पुट्टी पातळ करा आणि बुरुजावर टोचत बसा. मला ओतीव लोखंड हवंय. डोळे मिटून करा.” आणि रंगरावांनी, रंग हा ज्यांचा श्वास, त्यांनी डोळे मिटून तो बुरूज असा काही खरखरीत केला की मी हात लावला आणि अंगावर काटा आला.

पण सगळं सुरळीत झालं तर ती गोष्ट कसली? वाकडं धड सरळ करायला बाईंनी ते गरम पाण्यात बुडवलं आणि फळीला बांधलं. बांधताना ‘टक्’ असा आवाज झाला. जुनं प्लॅस्टिक ते. पुढून मागपर्यंत चीर गेली. दुसरं किट मिळणार नव्हतं. मी म्हणालो, “संपलं. ताईंना काय सांगायचं आता?”

बाईंनी दोन्ही तुकडे उजेडात धरले आणि माझ्याकडे अशा पाहू लागल्या की जणू मीच फुटलोय. “कवळी दुभंगली तर मी पेशंटला नवं तोंड देते का?” म्हणाल्या. “तीच जोडते ना?” आणि कवळी जोडायच्या त्याच मसाल्याने, आतून तारेचा आधार देऊन, ते धड जोडलं. त्या जोडावर माझ्या या शोधक बोटांनाही काही सापडलं नाही. आणि मी शोधलं होतं बरं का, जीव तोडून शोधलं होतं!

मग तो दिवस उजाडला. दवाखान्याला सुट्टी. ताई काकांना घेऊन आल्या. आरामशीर जागा म्हणजे दात तपासायची खुर्ची, म्हणून काकांना तिच्यातच बसवलं आणि हत्यारांचा ट्रे ओढून त्यांच्यापुढे टँक ठेवला. रंगराव भिंतीला चिकटून उभे. मी नखं खात होतो. काकांनी मागून सुरुवात केली. इंजिनावरची जाळी. पट्टे. चाकं, आणि चाकांची पाठ. तळवा बुरुजावर ठेवला आणि तिथेच ठेवून बसले. रंगरावांनी डोळे पुसले.

नंतर त्यांचा अंगठा पुढे सरकला, चालकाच्या झाकणावर आला. त्यांनी ते उघडायचा प्रयत्न केला. उघडेना. वर तोफ होती, त्यांनीच सांगितली होती तशी. मला वाटलं, फसलं आपलं! पण काकांनी दुसऱ्या हाताने तोफ धरली आणि बुरूज हळूच बाजूला फिरवला. मग झाकण उघडलं. त्यात त्यांनी बोटाचं टोक घातलं आणि म्हणाले, “मी इथे होतो.”



“आग लागली होती,” काका म्हणाले. “तोफ माझ्या डोक्यावर. झाकण उघडेना. वरच्यांना उडी मारून निघता येत होतं. तोफवाला निघाला नाही. त्याने आधी बुरूज फिरवला. हाताने चाक फिरवायचं असतं ते, आणि ते चाक तापून लाल झालेलं. मी निघालो तेव्हाच तो निघाला. त्याचे हात... नंतर मी त्याला कधी भेटलो नाही. त्या हातांकडे बघायची हिंमत नव्हती माझी.”

ताई म्हणाल्या, “बाबा, तुम्ही आम्हाला हे कधीच—”

“आता तर डोळेच गेले,” काका म्हणाले. “आता कोणतं निमित्त सांगू? फोन लाव त्याला.”

नंबर मिळवायला ताईंना बरीच धावपळ करावी लागली. एका ओळखीच्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. आम्ही कुणी जागचे हललो नाही. अखेर फोनच्या स्पीकरवर पलीकडून जाडाभरडा आवाज आला. “कोण?”

“मी. खालच्या भोकातला.”

पलीकडून एकदम, “मेल्या! जिवंत आहेस?”

“आहे. तू बुरूज फिरवलास म्हणून.”

“त्यात काय एवढं? तू अडकला असतास तर दुसऱ्या दिवशी गाडी कोणी चालवली असती? मला कुठे येत होती चालवायला!”

आणि मंडळी, काका हसले. त्या खुर्चीत माणसं रडताना मी पाहिली आहेत, हसताना तो एकच.

तोफवाले आठवड्याभरातच येऊन थडकले. ते दुसऱ्या रांगेत, काकांच्या शेजारी बसले आहेत. आल्या आल्या त्यांनी त्या हातांनी काकांचे हात धरले, ते बराच वेळ सोडले नाहीत. मग टँक उचलला, नाकाशी धरून पाहिला आणि म्हणाले, “बाकी ठीक आहे, पण माझ्या दुर्बिणीचं भोक चुकीच्या बाजूला आहे.” आम्हाला वाटलं, बाई खट्टू होतील. छे! त्यांनी पर्समधून बारीक ड्रिल काढलं आणि उभ्या-उभ्या नवं भोक पाडलं.

डॉक्टरबाई, तुमच्या जाण्याने आमचं काय होईल हे मी सांगत बसत नाही. ते आम्हाला रोजच कळणार आहे. तुमच्या नव्या गावातल्या लोकांना मात्र माझा निरोप आहे, की घरातलं जे जे काही मोडलंय ते फेकू नका, थोडं थांबा. बाई येतायत.

ग्रंथपाल महोदयांनी सभागृह दिलं, ताईंनी फराळाची बाजू सांभाळली, सभासदांनी खुर्च्या लावल्या, सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राहून गेला असेल, कुणाची उगाच थट्टा झाली असेल, तर तेवढं पोटात घाला.

आणखी दोन शब्द बोलायचे होते... पण थांबा. दुसऱ्या रांगेत काका उठून उभे राहिलेत. अध्यक्ष महाराज, त्यांना बोलायचंय. अहो, माईक द्या तिकडे, लवकर! मी बसतो.