शेडची कडी बाहेरून लागते

पुरवणी जबाब, दिनांक २८/०४/२०२५, वेळ सकाळी ११.२०

मी, मनकर्णाबाई खुशालराव ताथोड, वय ६१ वर्षे, शिक्षण चौथी, धंदा शेती व घरकाम, राहणार खैरी खुर्द, तालुका तेल्हारा, जिल्हा अकोला. आज कोणी बोलावले नसताना आपल्या मनाने ठाण्यात येऊन समक्ष सांगते की,

मयत खुशालराव जानराव ताथोड, वय ६७, हे माझे पती. ते गुरुवार दिनांक २४ रोजी दुपारी आमच्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये वारले. त्याच दिवशी संध्याकाळी माझा पहिला जबाब झाला. तेव्हा माझे दीर पंजाबराव शेजारी बसून बोलत होते आणि मी नुसती मान हलवत होते. शेडचे दार वाऱ्याने लागले आणि मेकॅनिक धर्मपाल शिरसाट याने धोक्याची काही कल्पना दिली नाही, असे त्यात लिहिले आहे. ते खोटे आहे. धर्मपालवर हयगयीचा गुन्हा लागणार असे काल गावात ऐकले, म्हणून मी सकाळच्या पहिल्या गाडीने आले. लिहून घेणाऱ्या बाईंना मी म्हटले, "तुमी तुमच्या सरकारी भाषेत लिवा, पण मी बोलली ते गाळू नका."

शेडमध्ये मिलिटरीचा जुना एक टनी ट्रक आहे. माझे सासरे जानराव यांनी तो लिलावातून आणला होता. त्याची चारही चाके ओढतात, म्हणून पावसाळ्यात काळ्या रानात बैल पोटापर्यंत रुतले तरी हा निघायचा. आमच्या लग्नात वऱ्हाडाच्या गाड्या नाल्यात फसल्या तेव्हा मला याच ट्रकने घरी आणले. हे स्वतः चालवत होते, आणि माझ्या माहेरापासून खैरीपर्यंत हॉर्न वाजवत होते. मला तर लाजून मेल्यासारखे झाले होते.

सन २००१ पासून ट्रक बंद होता. कोंबड्या त्यात अंडी घालत आणि मागे हौद्यात माझ्या गोवऱ्या राहत. मी त्याला भंगार म्हणायची. मागच्या दिवाळीत यांनी शेती ठोक्याने, म्हणजे वर्षाच्या खंडाने दुसऱ्याला दिली, घरी बसून जीव रमेना, मग ट्रकचे मनावर घेतले. मी म्हटले, "या वयात सवत आणून राहिले काय?" हे म्हणाले, "आणून कुठं राहिलो, ती तर तुह्याआधीची हाये."

धर्मपाल हा एस.टी.च्या आगारातून रिटायर झालेला मेकॅनिक, यांचा शाळेपासूनचा दोस्त. रोज सकाळी यायचा, ओसरीवर चहा घ्यायचा आणि कामाला लागायचा. पंजाबरावांना त्याचे आमच्या ओसरीवर बसणे चाळीस वर्षांत पटले नाही. धर्मपालविरुद्ध तक्रार देताना त्यांनी हे कारण सांगितले नसेल, म्हणून मी सांगते.

इंजिन जाम होते. प्लगच्या भोकातून डिझेल ओतून आठ दिवस ठेवले. हेड उघडले तर आत उंदराचे घर निघाले. बोअर अकोल्याला लेथवर करून आणला, नव्या रिंगा टाकल्या. वायरिंग झाल्यावर पहिल्यांदा हॉर्न वाजला, तेव्हा दोघे म्हातारे पोरांसारखे हसत बसले. सायलेंसरची नळी मात्र सडलेली होती, हात लावताच तुकडे झाले. ट्रकला अजून टायर नव्हते, चारही बाजूंनी दगडांवर चढवला होता, त्यामुळे शेडबाहेर काढणे शक्य नव्हते. शेडला दोन पल्ल्यांचे एकच दार आहे आणि एक खिडकी आहे. खिडकीत मी कडब्याच्या पेंढ्या कोंबून ठेवल्या होत्या, त्याही मीच, त्यात धर्मपालचा काही संबंध नाही.

दिनांक २४ रोजी सकाळी १०.४० वाजता इंजिन सुरू झाले. चौथ्या सेल्फला झाले. गल्लीतले लोक पाहायला आले. यांच्या डोळ्यांना पाणी आले, आणि धूर गेला म्हणाले. मी हसले.

धर्मपाल माझ्यासमोर यांना म्हणाला, "खुशालराव, नव्या रिंगा हायेत. तीन तास बंद करू नका, रिंगा नीट बसू द्या. पण सायलेंसर नाही, ध्यानात ठेवा. दाराचे दोनी पल्ले सताड उघडे पायजेत. हा धूर वासापुरता नसते, माणसाले झोपवते." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, तुमी लक्ष ठेवजा." मी म्हटले, "तुमी जा ना भाऊ, मी हावो ना इथं." हे मी माझ्या तोंडाने बोलले आहे. तो नवी नळी वेल्डिंग करून आणायला ११.१५ च्या सुमारास हिवरखेडला गेला.

त्या दिवशी माझ्या कुरडया होत्या. तीन दिवस गहू भिजवलेला, पहाटे उठून चीक घोटलेला, अंगणात दोन बाजांवर लुगडी अंथरून घातलेल्या. मुलगी प्रणाली अमरावतीला असते, तिच्याकडे दरवर्षी पाठवते. बाराच्या सुमारास वारा फिरला आणि शेडमधला धूर अंगणात येऊ लागला. मी ओरडले, "अहो, बंद करा तो राक्षस! माह्या कुरडया वास मारून राहिल्या." हे म्हणाले, "बंद करता येत नाही." मी म्हटले, "मंग दार लावते." हे म्हणाले, "धर्मपालनं नाही म्हटलं ना वो." मी म्हटले, "धर्मपालले कुरडया घालाव्या लागत नाहीत! पोरीच्या सासरी काय पेट्रोलच्या कुरडया धाडू?"

मग हे हसले आणि म्हणाले, "लाव बाई लाव. तुह्या कुरडयांपुढं मिलिटरी हारली. दहा मिंटानं उघडजो."

दार मी लावले. वारा त्या दिवशी दार लागण्याएवढा नव्हताच. पल्ले आपोआप उघडतात म्हणून बाहेरून कडी घातली. त्या दाराला आतून कडी नाही, कडी बाहेरूनच लागते. खालच्या फटीतून धूर येत होता, तिथे पोते ओले करून दाबले. तेव्हा १२.१० झाले होते, कारण मी दहा मिनिटे मोजायची म्हणून मोबाईलमध्ये पाहिले.

१२.१८ ला प्रणालीचा फोन आला. कुरडया किती झाल्या, यंदा उन्हाळा कसा आहे, असे बोलणे सुरू झाले. मी बाजेच्या कडेला सावलीत बसून बोलत होते. लेकीचा फोन आला की मला वेळाचे भान राहत नाही, यावरून हे नेहमी चिडवायचे.

बोलता बोलता शेडमधून हॉर्न वाजला. दोनदा आखूड, मग एक लांब. प्रणाली म्हणाली, "आई, बाबांचा ट्रक चालू झाला का वो?" मी म्हटले, "झाला ना, ऐक." आणि मी फोन शेडकडे धरला. हॉर्न आणखी एकदा वाजला, लांब, मधूनच तुटल्यासारखा. प्रणाली हसली. मी पण हसले. मी मोठ्याने ओरडले, "वाजवा, वाजवा! साऱ्या गावाले ऐकू द्या!" मला वाटले यांना लग्नाची आठवण आली. मला आनंद झाला होता, हे पण लिहा. त्यानंतर हॉर्न वाजला नाही. इंजिन मात्र एकसारखे चालू होते, आणि इंजिन चालू आहे म्हणजे माणूस बरा आहे असेच मी धरून चालले. आमच्याकडे शेतातली मोटार चालू असली की कोणी माणूस पाहायला जात नाही. फोन १२.५८ ला संपला. माझ्या मोबाईलमध्ये हे सगळे आहे, मोबाईल सोबत आणला आहे. फोननंतर मी कुरडया उलटवत बसले. दहा मिनिटांचे मी विसरले.

दुपारी २.२० ला इंजिन आपोआप थांबले. पेट्रोल संपले होते, पण मला वाटले तीन तास झाले, यांनी बंद केले. यांना गूळ घालून चीक आवडतो, पहाटेचा एक वाडगा झाकून ठेवला होता. तो घेऊन मी दाराशी गेले आणि कडी काढली. हे स्टेअरिंगवर डोके टेकून होते. एक पाय खाली उतरलेला होता. हाक मारली, हलवले, मग मी ओरडले. पण लोक यायच्या आत ओले पोते उचलून मी भिंतीवर वाळत घातले. ते का केले हे मला सांगता येत नाही. ते पोते अजून भिंतीवरच आहे.

लोक जमल्यावर पंजाबराव कानाशी येऊन म्हणाले, "वहिनी, दार वाऱ्यानं लागलं. घराची अब्रू हाये, समजलं?" मी काही विचारलेच नव्हते. म्हणजे त्यांनी पोते पाहिले असावे.

धर्मपाल तीन वाजता नळी घेऊन आला. दारात उभा राहिला, नळी हातातच होती. त्याने विचारले, "वहिनी, दार कोनं लावलं?" मी म्हटले, "वाऱ्यानं." त्याने कडीकडे पाहिले. ज्याने ते दार सहा महिने रोज उघडले, त्याला ती कडी वाऱ्याने लागत नाही हे माहीत आहे. तरी चार दिवसांत तो ठाण्यात एक शब्द बोलला नाही, असे मला इथे आल्यावर कळले. त्याने माझे नाव झाकले आणि मी त्याला बुडवायला निघाले. माझ्यासारखी अवदसा कोणाच्या घरात येऊ नये.

धर्मपालविरुद्ध माझी तक्रार नाही. त्याने सांगितले होते आणि मी ऐकले होते. कोणावर संशय आहे का असे विचारल्यावरून सांगते की, संशयाचे काही राहिलेच नाही. दार मी लावले. प्रणालीला अजून वाटते की फोनवर बाबा खुशीत हॉर्न वाजवत होते. तिला काय सांगायचे हे मी घरी जाऊन ठरवणार होते, पण हा कागद कोर्टात गेला तर तिला कळेलच.

पहिला जबाब वाचून दाखवला तेव्हा माझे कान जाग्यावर नव्हते. आजचा मी पूर्ण ऐकला. कडीचे वाक्य दोनदा वाचायला लावले, ते बरोबर आहे. हॉर्नचे वाचताना बाई मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "मावशी, एवढं नाही लिहिलं तरी चालते." मी म्हटले, "राहू द्या. वाचा." त्यांनी वाचले. ते माझ्या सांगण्याप्रमाणेच आहे, म्हणून खाली सही करते.

जबाब देणार,
मनकर्णाबाई खुशालराव ताथोड