हत्ती की गाढव, मोठ्यानं सांगा

मत कुणाला देणार म्हणजे? हा काय प्रश्न झाला, रांगेत उभ्या असलेल्या बाईला विचारायचा? तुम्ही कुणाकडून आलात ते सांगा आधी. कुणाकडूनच नाही? असं सगळेच म्हणतात. पोस्टमास्तरांच्या जुन्या घरात राहायला आलेले तुम्हीच ना — मी रोज गाडीतून बघत जाते, अंगणात प्रचाराची एक पाटी नाही, ना ह्यांची ना त्यांची. या गावात निवडणुकीच्या दिवसांत ज्याच्या अंगणात पाटी नाही तो एक तर मेलेला असतो, नाही तर आतल्या गाठीचा. हसू नका, मेलेले नाही आहात ते दिसतंय मला. माझ्या अंगणात? माझ्याही नाही यंदा. ती गोष्ट वेगळी.

आमच्या राज्यात पहिल्यांदाच देताय मत? मग ऐका, नाही तर आत जाऊन गोंधळ घालाल. आगीचा बंब बाहेर काढून त्याच्या शेडमध्ये टेबल मांडलंय, तिथल्या बायका पक्षाची खूण विचारतील, हत्ती की गाढव? आणि तुम्ही तोंडानं सांगायचं, दहा माणसांत, मग त्या पक्षाची मतपत्रिका हातात पडते. आहे की नाही गंमत? पडद्याआड जाऊन गुपचूप शिक्का मारायचा, पण त्याआधी अख्ख्या गावाला पक्ष सांगायचा! आज ज्यानं त्यानं आपल्या पक्षाचा उमेदवार निवडायचा, म्हणून विचारतात; नोव्हेंबरात शेवटचं मत, तेव्हा नाही विचारत — पण नोव्हेंबर म्हणजे इथं नुसता सोपस्कार. आमच्या काउंटीत हत्तीवालाच येतो, बारा महिने तेरा काळ, त्यामुळे आज त्यांच्या आपसांतल्या मारामारीत जो जिंकेल तोच कमिशनर, काउंटीचा कारभार त्याच्या हातात. खरी निवडणूक आजच. मी? मी जन्मभर गाढव. म्हणजे — कळलं ना, काय म्हणायचंय ते. आमचा वेन्डेल, माझा नवरा, गिअरच्या कारखान्यात होता, युनियनचा माणूस. मला मागणी घालायला आला तेव्हा माझ्या वडिलांना त्यानं पगार सांगितला नाही, पक्ष सांगितला. वडील खूश! तेव्हापासून दोघं जोडीनं येतो याच शेडमध्ये, जोडीनं सांगतो. सांगत होतो.

आता तो काउंटी होममध्ये आहे. ते विटांचं घर बघितलंय ना तुम्ही, धान्याच्या कोठारांच्या पुढं — म्हाताऱ्यांचं, काउंटीच चालवते. रोज जेवायच्या वेळेला जाते मी, माझ्या हातूनच खातो तो, नर्सच्या हातून नाही, तोंड घट्ट मिटून घेतो, लहान मुलासारखा. आणि हे होम आता विकायचं म्हणतात. बाहेरच्या कुठल्या तरी कंपनीला. कंपनी काय करणार? कंपनी ते बंद करून माणसं आपल्या मोठ्या इमारतीत हलवणार, दोन तास लांब, हायवेनं. माझे डोळे हे असे, हायवेला गाडी घातली तर मीच पोचेन वरती. मग तिथं त्याला कोण भरवणार? सांगा ना, कोण भरवणार? नाही, तुम्हाला नाही विचारत, तुम्ही कशाला तोंड एवढंसं करताय.

तर आता तो ड्रेक्सलर. कर्ट ड्रेक्सलर, हत्तीवाला, होम विकू देणार नाही म्हणतो. बाकीचे सगळे विकायच्या बाजूचे. आणि आमच्या बाजूनं कोण? आमच्या बाजूनं कुणीच नाही! त्या जागेला माणूसच उभा नाही, नुसती रिकामी चौकट. म्हणजे मी माझ्या पक्षाची मतपत्रिका घेतली तर वेन्डेलच्या खाटेसाठी मला मतच नाही. मग दे ना ड्रेक्सलरला, म्हणाल तुम्ही. म्हणाल काय, तुमच्या चेहऱ्यावर लिहिलंय ते — कशावरून तुम्हालाच पाठवलं नाही त्यानं रांगेत? बरं, बरं, राहिलं.

अहो, पण मी त्याला जवळून बघितलाय. मार्चमध्ये आला होता होममध्ये, फोटोवाल्याला घेऊन. चकचकीत बूट, शेतकऱ्याची टोपी. वेन्डेलच्या खाटेवर बसला, हात हातात घेतला. वेन्डेलनं विचारलं, कुठल्या युनियनचा रे तू? आणि हा बाबा काय म्हणाला असेल? पापणी न लवता म्हणाला, तुमच्याच की, दादा! ज्यानं जन्मात पाना धरला नाही तो! एका खुळावलेल्या म्हाताऱ्याशी इतकं गोड खोटं बोलतो, तो माझ्याशी खरं बोलेल? आणि गेल्या शुक्रवारी चर्चच्या मासे-जेवणाला बसला होता कुणाशेजारी? त्या कंपनीच्या माणसाशेजारी. दोघं हसत होते. आता हसणं काय, लोक हसतात. जागा मिळेल तिथं बसतात. पण मी ताट अर्धं टाकून उठले.

पण तुम्हाला सांगते — त्या दिवशी वेन्डेल हसला हो. तुमच्याच युनियनचा म्हटल्यावर असा खुलला, पुडिंगची वाटी स्वतःच्या हातानं साफ केली. मला इतका राग आला! मी रोज जाते, रोज खरं सांगते, मी व्हर्ना, मी व्हर्ना — आणि हसला कुणासाठी, तर त्या लबाडासाठी. मला तो — नाही, जाऊ दे ते. काय सांगणार? मला तो ऑफिसातली कोणी तरी बाई समजतो. मॅडम म्हणतो. थँक यू, मॅडम, सूप चांगलं होतं. पण मॅडम, तुम्ही मत दिलंत ना, आपल्यालाच दिलंत ना? मला ओळखत नाही, पण गाढव बरोबर ओळखतो! आता यात हसायचं की रडायचं तुम्हीच बघा.

सरका थोडं पुढं. टेबलामागं ती डावीकडची दिसते ना, निळ्या स्वेटरची? ओपल. माझी नणंद. गाढवाच्या बाजूनं बसते ती दर खेपेला, आणि तिचे कान अजून शाबूत आहेत. दर रविवारी भावाकडे जाते आणि गावातलं सगळं ओकते — कोण कुठं फितूर झालं, कोणाची पाटी बदलली. भावाला कळो न कळो. मी हत्ती म्हटलं की रविवारी ते त्याच्या कानात. आणि त्याचं काही सांगता येत नाही हो, बायको विसरला, पण असलं काही विसरत नाही तो. परवा त्याला संप आठवला, संप फोडणाऱ्यांची नावं घेऊन घेऊन रडला. मी त्या नावांत जायचं? ज्या माणसासाठी करायचं त्याच्याच नजरेतून उतरायचं, आणि तेही एका लबाडाच्या भरवशावर? झोप नाही मला. नाही, मी ठरवलेलं नाही काही. तुम्ही विचारलंत म्हणून बोलले, तुम्ही विचारायलाच नको होतं.

काय गं ओपल, अशी काय बघतेस? मीच आहे. हो, सही केली. काय विचारायचं ते विचार की, रिवाज आहे तुमचा.

हत्ती.

ऐकलंस तू, परत कशाला विचारतेस? हत्ती म्हणाले मी. मोठ्यानंच म्हणाले. आण ती मतपत्रिका इकडं. आणि रविवारी वेन्डेलला सांगायचंय ना? खुशाल सांग. पण व्हर्ना म्हणू नकोस — तुझी बायको म्हण. तुझ्या बायकोनं दगा दिला, असं सांग त्याला. चिडू दे, शिव्या देऊ दे मला. बायको कोण म्हणून नाही विचारलं म्हणजे झालं.

आणि तुम्ही काय ऐकत उभे राहिलात? तुमची पाळी आली, व्हा पुढं.