म्हाताऱ्या गाडीला पातळ ऑइल

...आणि तो दुकानदार, मोबाइलमधून मान वर न करता मला विचारतो, "गाडी कितवीला आहे?" आता तुम्हाला सांगतो, गाडीचं वय विचारायची ही काय पद्धत झाली? मी म्हटलं, चोवीस वर्षांची आहे, शिकून सवरून घरी बसलीय, तिला इंजिन ऑइल द्या. इंजिन ऑइल! हिरा नाही मागितला, किडनी नाही मागितली! तर हा म्हणतो, "कुठलं देऊ? मिनरल, सेमी की फुल सिंथेटिक? दहा-तीस, पंधरा-चाळीस, वीस-पन्नास?" मागे भिंतभर डबे. लाल, निळे, सोनेरी... प्रत्येकावर वाऱ्याच्या वेगानं धावणारी गाडी. अरे, माझी गाडी आयुष्यात कधी अशी धावली नाही! मी विचारलं, "यातलं चांगलं कुठलं?" "सगळीच चांगली." "पण माझ्या गाडीला कुठलं चांगलं?" "ते तुम्ही सांगायचं साहेब, गाडी तुमची आहे!"

संपलं! तीस वर्षं हा माणूस त्या काउंटरमागे बसलाय, आणि गाडी माझी आहे एवढंच त्याला कळलंय. मला ऑइल हवं होतं हो, अक्कल नको होती... पण इथे तर तीही मिळेना!

तुम्ही म्हणाल, एवढी घाई काय होती? होती ना! ही गाडी मुळात माझ्या सासऱ्यांची. डोळ्यांचं ऑपरेशन झालं तसं त्यांनी गाडी चालवणं सोडलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. ठेवली कसली... पोटची पोरगी देताना जेवढे प्रश्न विचारले नव्हते, तेवढे गाडी देताना विचारले! आणि या सासऱ्यांची एक मोठी बहीण. म्हणजे माझ्या बायकोची आत्या, चौऱ्याऐंशी वर्षांची. हे दोघे बहीणभाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. का? तर आईचं शिवणयंत्र कुणाकडे राहावं! ते यंत्र गंजून गेलं, भंगारात गेलं, पण यांचा अबोला ठणठणीत! तर त्या आत्याबाईंचा निरोप आला... अंथरुणावर आहे, जमलं तर येऊन जा. तिसऱ्या दिवशी सासरे म्हणाले, "जाऊ या. पण माझ्याच गाडीतून." आणि मग हळूच, "ऑइल बदलून घे. लांबचा पल्ला आहे."

मग मी त्यांनाच का नाही विचारलं, कुठलं ऑइल? अहो, विचारलं असतं तर म्हणाले असते, "सहा वर्षं गाडी वापरतोस आणि तुला एवढं माहीत नाही?" नको! त्यांचा जुना मेकॅनिक गॅरेज बंद करून मुलाकडे राहायला गेलेला. गाडीचं पुस्तक काढलं, तर ऑइलचं पान नेमकं उंदरानं खाल्लेलं! टायरचं पान शाबूत, हॉर्नचं पान शाबूत... उंदरालासुद्धा ऑइलचंच ज्ञान हवं होतं!

मग मी माझ्या मेहुण्याला फोन केला. हा सासऱ्यांचा एकुलता एक मुलगा. नवीकोरी गाडी आहे त्याची, दार उघडलं की बोलते. वडिलांना आत्याकडे न्यायला त्याला वेळ नव्हता, पण ऑइलवर बोलायला? पाऊण तास! "दाजी, तुम्ही अजून जुन्या काळात आहात. वीस-पन्नास वगैरे कोण घालतं आता? शून्य-वीस घाला. फुल सिंथेटिक. पाण्यासारखं पातळ! इंजिन कसं तरुण होईल बघा." मी भीत भीत विचारलं, "आणि तो आकड्यांमधला डब्ल्यू म्हणजे काय?" "डब्ल्यू? अं... वर्ल्डवाइड!" वर्ल्डवाइड!! विंटरचा डब्ल्यू आहे तो, पहिला आकडा थंडीतला आणि दुसरा इंजिन तापल्यावरचा, हे मला नंतर कळलं. पण आवाज काय त्याचा! असा आत्मविश्वास की साक्षात इंजिनाला यानंच जन्म दिलाय. आणि मी? मीही महामूर्ख! दुकानात गेलो, सोनेरी डबा उचलला. दुकानदार म्हणाला, "भारी आहे हं साहेब." आत्ता त्याला मत सुचलं! मला ऑइल हवं होतं हो, अक्कल नको होती, आणि मी अक्कल भरून आणली, चार लिटर!

निघालो सकाळी. पुढे मी आणि सासरे, मागे बायको. पहिला तासभर गाडी काय पळाली! मी मनात मेहुण्याची माफीसुद्धा मागितली. सासरे मात्र कान टवकारून बसलेले. एकदा म्हणाले, "आवाज वेगळा येतोय." मी म्हटलं, "नवीन ऑइल आहे ना बाबा, तरुण झालंय इंजिन." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं... डोळ्यांचं ऑपरेशन उगाच यशस्वी झालं असं वाटलं मला!

आणि मग लागला चढ. अर्ध्यावर गेलो नाही, तोच समोर लाल दिवा फडफडायला लागला. ऑइलचा! मागे बघतो तर निळा धूर. बायको म्हणते, "अहो, आपल्यामागे काहीतरी जळतंय." मी म्हटलं, "आपणच जळतोय!" गाडी बाजूला घेतली, खाली वाकून बघतो... सगळ्या सांध्यांतून टिपटिप, टिपटिप! चोवीस वर्षांची ती जुनी रबरी सिलं, त्यातून हे पाण्यासारखं ऑइल थांबणार कसं? तरुण कसलं होतंय, इंजिनाला अतिसार झाला होता!

आता रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभं राहण्याइतकी लाचारी जगात दुसरी नाही. जो तो थांबतो! एक स्कूटरवाला थांबला. "बॅटरी." बस्स, एवढंच म्हणून गेला! सायकलवरून एक गृहस्थ उतरले, अर्धा तास इंजिनाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "माझ्या साडूची पण अशीच होती. विकली त्यानं." अरे, मग मी आता काय करू, साडू बदलू?

आणि सासरे... ते दगडावर बसले होते. मी जवळ गेलो, तर हातातल्या घड्याळाकडे बघत म्हणाले, "तिला बारा वाजता येतो म्हणून कळवलं होतं. तिला वाटेल, मी पुन्हा अर्ध्या वाटेतूनच परतलो." पुन्हा! म्हणजे याआधी एकदा हा माणूस निघाला होता आणि अर्ध्या वाटेतून परतला होता, आणि आम्हाला कुणाला पत्ता नाही. बायकोनं फोन लावला तर आत्याबाईंकडे कुणी उचलेना. आणि हे सगळं कशामुळे? एका डब्यापायी... साध्या एका डब्यापायी!

शेवटी एक ट्रक थांबला. चालवणारी दणकट बाई होती हो! खाली उतरली, ना नमस्कार ना चौकशी. इंजिनातली ऑइल मोजायची पट्टी ओढली, दोन बोटांत ऑइल चोळलं आणि माझ्याकडे बघितलं. "हे कुणी घालायला सांगितलं?" मी म्हटलं, "मेहुण्यानं." "मेहुणा मेकॅनिक आहे?" "नाही, बँकेत आहे." तिनं बोटं फडक्याला पुसली. न बोलता इतका अपमान करता येतो हे मला त्या दिवशी कळलं! ट्रकमधून कॅन काढला, जाड, मधासारखं ऑइल भरलं. म्हणाली, "हळू चालवा, दर अर्ध्या तासानं पट्टी बघा. परत आलात की सगळं काढून वीस-पन्नास घाला. जुन्या इंजिनाला जाडच लागतं." आणि गेली! दोन मिनिटांत! मला एवढंच ऐकायचं होतं हो... आठवडाभर! मला ऑइल हवं होतं, अक्कल नको होती, आणि ज्या एका बाईकडे दोन्ही होतं, ती थांबायलासुद्धा तयार नाही!

पोचलो चार वाजता. धूर सोडत, खोकत. दार उघडंच, फोन पलंगापासून लांब कोपऱ्यात. आत्याबाई उशीला टेकून खिडकीशी बसलेल्या, एवढ्याशा झालेल्या. सासरे उंबऱ्यात थबकले. पाय पुढे पडेना. बायकोनं पदर डोळ्याला लावला. मी तर श्वास रोखून उभा! अकरा वर्षं, म्हटलं, आता रडणार, गळ्यात पडणार...

आत्याबाईंनी नाक वर केलं. हुंगलं. आणि म्हणाल्या, "बाळ्या, गाडी ऑइल जाळतेय तुझी. पातळ घातलंस ना?"

बसच्या वर्कशॉपात तीस वर्षं स्टोअर सांभाळलं होतं हो त्यांनी! आणि एकोणऐंशी वर्षांचा बाळ्या ताडकन म्हणतो, "मी नाही घातलं ताई! मी कायम वीस-पन्नासच घालायचो." "वीस-पन्नास? पंधरा-चाळीस घालायचं त्या इंजिनाला!" "काहीतरीच काय ताई!" "तू मला शिकवू नकोस!" खुर्ची ओढून सासरे पलंगाशी बसले, आणि जे सुरू झाले... दोन तास! मधेच ती हसायची, मधेच हा तिच्या पायावरचं पांघरूण नीट करायचा, आणि पुन्हा भांडण! शिवणयंत्राचं नावसुद्धा नाही निघालं.

संध्याकाळी आत्याबाईंना औषध द्यायला बायको आत गेली. बाहेर आली ती तोंडावर हात ठेवून. मी विचारलं, "काय झालं? ठरलं का शेवटी, कुठलं ऑइल?" म्हणाली, "नाही. त्यावर त्यांचं जमत नाहीये."

"मग?"

"पण एका गोष्टीवर दोघांचं अगदी एकमत झालंय... जावई बिनडोक आहे."

मी बाहेर जाऊन ऑइलची पट्टी बघितली.